पुठ्ठ्याचा विमानतळ

नारिंगी. पाव, साबण, कागद, चामडं, लोकर. जे कधीतरी जिवंत होतं किंवा जिवंत माणसाच्या अंगाला लागणार आहे, ते पडद्यावर बहुतेक नारिंगी दिसतं.

•

दुकानात एक माणूस लहान मुलाचा कोट हातात धरून उभा आहे.

"मूल केवढं आहे?"

"पाचचं होईल आता."

"मग हा फार मोठा होईल हो. लोंबेल अंगावर."

"लोंबू दे."

•

निळा. चाव्या, चमचे, पट्ट्याचं बक्कल, छत्रीच्या काड्या.

•

"आई, विमानं झोपतात कुठे?"

•

एक म्हातारी बाई लोकरीच्या टोपीला गोंडा लावते आहे. गोंडा नीट बसत नाही. ती तो उसवते, पुन्हा लावते, पुन्हा उसवते.

•

प्रशिक्षणाच्या पहिल्या दिवशी साहेब म्हणाले होते, "सामान बघायचं. माणूस बघायचा नाही. माणूस बघायला गेलात की सामान सुटलंच समजा."

•

काळा. ज्याच्या आरपार काहीच जात नाही ते. काळं दिसलं की पट्टा थांबवायचा.

•

"पट्टा सोडा!" भुंगा ओरडला आणि त्याच्या बाबांनी खोक्यामागची मूठ फिरवायला सुरुवात केली.

भुंगा म्हणजे घरातलं एकुलतं एक पोर. बोलायला लागायच्या आधीपासून तो तोंडाने विमानाचा आवाज काढायचा. जेवताना, आंघोळीला, झोपेतसुद्धा. म्हणून भुंगा. आज तो पाच वर्षांचा झाला होता. वाढदिवसाला काय करायचं असं विचारल्यावर त्याने श्वासही घेतला नव्हता. "आईचं ऑफिस करायचं."

आईचं ऑफिस म्हणजे विमानतळावरची एक खुर्ची आणि तिच्यासमोरचा पडदा. प्रवाशांच्या बॅगा पट्ट्यावरून यंत्रात शिरतात आणि त्यांच्या पोटात काय काय आहे ते पडद्यावर रंगांत उमटतं. ते बघायचं आणि जाऊ द्यायचं किंवा थांबवायचं. मधूनच संगणक एखादी खोटी वस्तू पडद्यावर टाकतो. बॅगेत सुरी नसते, पण पडद्यावर असते. खुर्चीतला माणूस जागा आहे का, एवढंच त्याला बघायचं असतं. तिने आजवर एकही खोटी सुरी सोडली नव्हती. बरोबरचे लोक तिला घार म्हणत. घरी नवराही म्हणायचा. "घारीच्या घरात साधं चॉकलेट लपवायची सोय नाही राव," असं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा आणि स्वतःच हसायचा.

तो फ्रिज दुरुस्त करायचा. खोक्यांना त्याच्याकडे तोटा नव्हता. त्यातलं सगळ्यात थोराड खोकं त्याने घरी आणलं, दोन्ही बाजूंना तोंडं कापली, आतून काळा रंग दिला, आत टॉर्च बसवले. एका टॉर्चवर नारिंगी जिलेटिनचा कागद, दुसऱ्यावर निळा. खालून दोन प्लास्टिकचे पाइप घातले, त्यांवर जुनी चादर ताणून शिवली आणि एका पाइपला मूठ लावली. मूठ फिरवली की चादर सरकायची, चादर सरकली की तिच्यावरची बॅग खोक्यातून पलीकडे जायची. ते पहिल्यांदा चाललं तेव्हा त्याने बायकोला हाक मारली नाही, आधी भुंग्याला मारली. भुंगा स्वतःच चादरीवर पालथा पडून आरपार गेला. बाहेर आल्यावर म्हणाला, "बाबा, परत."

तिने मुलांसाठी पुठ्ठ्याचे पासपोर्ट केले. फोटोच्या जागी ज्याने त्याने आपलं तोंड काढायचं. खोलीच्या एका बाजूला दोन-दोन खुर्च्यांच्या रांगा लावल्या आणि मधे वाट सोडली. ते विमान. आजींनी, म्हणजे तिच्या सासूबाईंनी, प्रत्येक खुर्चीला कापडी पट्टा शिवून दिला. निमंत्रणात भुंग्याची एकच अट होती. येताना बॅग आणायची आणि रिकामी बॅग चालणार नाही.

"लक्ष द्या, लक्ष द्या!" समोरच्या काकूंची मुलगी केसांच्या ब्रशचा माइक करून किंचाळत होती. तिचं नाव बिल्डिंगमध्ये सगळ्यांनी लाउडस्पीकर ठेवलं होतं. "विमान सुटणार आहे! ज्यांना शू लागली असेल त्यांनी आत्ताच जाऊन यावं!"

मुलं रांगेत. बॅगा चादरीवर. बाबा मूठ फिरवताहेत. आणि खोक्याच्या बाजूला पाडलेल्या भोकाला डोळा लावून, ऑफिसातला खरा गणवेश घालून, घार.

"या प्रवाशाकडे," ती आवाज जाड करून म्हणाली, "एक डायनासोर आहे. अर्धा खाल्लेला बिस्किटाचा पुडा आहे. आणि... ही कोणाची चड्डी?"

हसून हसून दोन मुलं जमिनीवरच लोळली. ज्याची चड्डी होती तो सगळ्यात जास्त हसला.

"वहिनी, ही तर नाटक कंपनीच झाली की!" समोरच्या काकू म्हणाल्या. "आमच्याकडे वाढदिवस म्हणजे केक कापला, खाल्ला, झाला. तुमचे हे किती खपलेत बघा. आमचे तर फुगा फुगवतानासुद्धा फोनवर असतात."

"हौसच आहे त्यांना," ती म्हणाली. आणि खरंच तिला तसं वाटत होतं.

आइस्क्रीम आणायचं राहिलं होतं. फ्रिजवाल्याच्या घरचाच फ्रिज आठवडाभर बंद पडलेला, म्हणून डबा कोपऱ्यावरच्या दुकानात ठेवला होता. बाबांनी मूठ काकूंच्या हातात दिली. "सावकाश फिरवा हं, गिऱ्हाइकाचा माल आहे," असं म्हणून ते जिना उतरले.

तेवढ्यात भुंग्याला खोट सापडली.

"आई, या सगळ्या शाळेच्या बॅगा आहेत. खऱ्या विमानतळावर मोठ्ठी बॅग असते. चाकांची."

"आपल्याकडे कुठली रे आता?"

"आहे. बाबांची. मंगळवारची."

मंगळवारी बाबा आणि भुंगा आजींच्या बहिणीकडे चार दिवस राहायला जाणार होते. तिला सुट्टी मिळत नव्हती. बॅगही त्यानेच भरली होती. तू दमून येतेस, मी बघतो, असं म्हणाला होता. तिला बरं वाटलं होतं.

"अरे, ती नको!" स्वयंपाकघरातून आजी ओरडल्या. त्या पाव कापत होत्या. "भुंग्या, ती राहू दे, बाळा. जड आहे."

पण भुंगा आणि लाउडस्पीकर आजींच्या खोलीत पोचले होते. बॅगेची चाकं फरशीवर खडखडत आली. दोघांनी ती कशीबशी चादरीवर चढवली. काकूंनी मूठ फिरवली. बॅग खोक्यात निम्मी गेली आणि अडकली.

भोकातून काहीच दिसत नव्हतं. बॅगेच्या काळ्या कापडाने दोन्ही टॉर्च झाकून टाकले होते.

"काय आहे, काय आहे?" मुलं ओरडली.

"दिसत नाही."

"मग उघडायची," भुंगा म्हणाला. "तूच म्हणतेस ना? दिसलं नाही की उघडायची."

तिने बॅग मागे ओढली, जमिनीवर आडवी केली आणि चेन उघडली. मुलं गोल करून बसली. वर बाबांचे शर्ट होते, घड्या घातलेले.

"या प्रवाशाला," तिने एक गंजी वर धरली, "घाम फार येतो. एक, दोन, तीन... हा माणूस चार दिवस जातोय की चाळीस?"

मुलं खिदळली. काकूसुद्धा.

गंज्यांच्या खाली लाल काहीतरी होतं. ती ओढून काढत गेली आणि ते येतच राहिलं. कोट. लहान मुलाचा, जाड लोकरीचा, टोपडं असलेला. दुकानाची चिठ्ठी अजून बटणाला लटकत होती.

"माझा?" भुंग्याने विचारलं. तिने काही म्हणायच्या आत त्याने हात घातले. बाह्या त्याच्या बोटांच्याही खाली गेल्या. कोट गुडघ्यांखाली उतरला. तो गोल गोल फिरला, बाह्या पंखांसारख्या उडाल्या आणि मुलांना त्याच्याइतकाच आनंद झाला.

आजींच्या बहिणीच्या गावी पंखा लावल्याशिवाय झोप येत नाही.

ती अजून हसत होती. चेहरा हसण्यातच राहून गेला होता. हात मात्र बॅगेत होते आणि ते बाहेर काढत होते. पायमोजे. त्याहून मोठे पायमोजे. त्याहून मोठे. बूट, भुंग्याला आज येतील असे. बूट, पुढच्या वर्षी येतील असे. आणखी एक जोड, ज्यात तिची स्वतःची बोटं सहज मावली. मग पांढऱ्या लोकरीची टोपी, गोंड्याची.

ते विणकाम तिला ओळखता आलं असतं डोळे मिटूनसुद्धा. भुंगा पोटात होता तेव्हापासून त्या विणीचे मोजे, स्वेटर घरात होते. तिने मान वळवून स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. आजी दारातच होत्या. त्यांच्या हातात पाव कापायची सुरी होती आणि त्या ती पदराने पुसत होत्या. सुरी कोरडी होती.

दोन वर्षांपूर्वी नवऱ्याला बर्फाच्या एका देशातून नोकरी आली होती. त्याची बहीण तिथे असते. तेव्हा दोघांनी मिळून नको म्हटलं होतं. म्हणजे हिने नको म्हटलं आणि त्याने मान हलवली. मग विषय संपला. ती असंच धरून चालली होती.

दार ढकलून तो आत आला. दोन्ही हातांत आइस्क्रीमचा मोठा डबा.

"आलं आलं!" त्याने आरोळी ठोकली.

मग त्याला कोट दिसला. कोटातला भुंगा दिसला.

•

काळं दिसलं की आधी पट्टा थांबवायचा. चेहरा बदलायचा नाही. आवाज चढवायचा नाही. आजूबाजूला माणसं आहेत, लहान मुलं आहेत, कोणी बिचकता कामा नये. प्रवाशाला बाजूला बोलवायचं. ठरलेले प्रश्न ठरलेल्या शब्दांत विचारायचे.

हे तिला पाठ होतं. पाठ होतं म्हणून ती उभी राहू शकली.

•

"बाबा, रांगेत या!" भुंगा म्हणाला. "तुमची बॅग पकडली!"

"पकडली, पकडली!" मुलांनी ताल धरला.

तो डबा घेऊन तसाच पुढे आला. बायकोच्या समोर. मधे उघडी बॅग.

"प्रवासी, ही बॅग तुमची का?"

या घरात ती त्याला कधी अहो-जाहो करत नव्हती. मुलांना त्याची गंमत वाटली.

"ऐक ना," तो हळू आवाजात म्हणाला.

"बॅग तुमची का?"

"हो म्हणा ना, काका!" लाउडस्पीकर ब्रशमधून ओरडली.

"हो."

"बॅग तुम्ही स्वतः भरलीत का?"

"आत चल. आत बोलू."

"प्रवासी, मागे रांग आहे. बॅग तुम्ही स्वतः भरलीत का?"

"हो."

"बॅग भरल्यापासून कोणाच्या हातात दिली होती?"

त्याने स्वयंपाकघराकडे पाहिलं. दारातून आजींचा आवाज आला, अगदी बारीक. "माझ्या खोलीत होती."

काकूंनी आजींकडे पाहिलं, मग कोटाकडे, मग मुठीवरचा हात काढून घेतला.

"शेवटचा प्रश्न," ती म्हणाली. "या बॅगेत दुसऱ्या कोणाचं सामान आहे का?"

आइस्क्रीमच्या डब्यावरचं पाणी त्याच्या कोपरापर्यंत आलं होतं आणि तिथून फरशीवर गळत होतं. मुलं आता हसत नव्हती. घाबरलीही नव्हती. उत्तर काय येतं ते बघत होती, खेळात बघतात तशी.

"माझं आहे!" भुंगाच बोलला. त्याने दोन्ही लोंबत्या बाह्या वर केल्या. "आई, माझं सामान आहे त्यात!"

"हो ना," ती म्हणाली. "तेच विचारत होते मी."

तिने वाकून बॅगेची चेन लावली. बूट, मोजे, टोपी बाहेरच ठेवले. भुंग्याच्या अंगातून कोट काढला, एकेक बाही धरून, त्याचे केस बटणात अडकू न देता. मग सगळं उचलून आपल्या खुर्चीखाली सारलं.

"आता?" भुंग्याने विचारलं. "बाबांना विमानात नाही घेणार?"

"घेणार की. प्रवासी जाऊ शकतात. हे सामान जाणार नाही."

"लक्ष द्या, लक्ष द्या!" लाउडस्पीकरला कोणीतरी सांगायची वाट बघवेना. "सामान जाणार नाही! बाकी सगळे आत बसा!"

•

विमान सुटलं तेव्हा ते असं होतं. पुढच्या खुर्चीवर भुंगा, वैमानिक. मागे मुलं, प्रत्येकाच्या पोटावर आजींनी शिवलेला पट्टा. शेवटच्या रांगेत बाबा. त्यांच्या पोटावर पट्टा पुरला नाही, म्हणून तो त्यांनी हातानेच धरून ठेवला होता. सगळ्यांनी तोंडाने आवाज काढला. खिडकीच्या काचा थरथरतील असा. बाबांचंही तोंड उघडं होतं. त्यातून आवाज येत होता की नाही ते कळत नव्हतं.

ती खोक्याजवळ उभी राहिली. तिने हात हलवला. विमान जाताना जमिनीवरच्या माणसाने हात हलवायचा असतो, असं भुंग्याने सकाळी बजावलं होतं.

•

काकूंनी जाताना तिचा हात दाबला. म्हणाल्या, "आइस्क्रीम फार छान होतं हो." कोणी खाल्लं नव्हतं. ते पातळ झालं होतं.

भुंगा खोक्यात, चादरीवरच झोपला. आजी स्वयंपाकघरात भांडी घासत होत्या. घासलेली भांडी पुन्हा घासत होत्या.

"सांगणार होतो," नवरा म्हणाला.

"कधी?"

"पोचल्यावर."

तिने ऐकलं. तिला वाटलं, आपण हे नीट ऐकलेलं नाही.

"पोचल्यावर," ती म्हणाली.

"तू आली नसतीस गं. विचारलं असतं तर तू हललीच नसतीस त्या खुर्चीतून. तो तिकडे गेला की आपोआप आली असतीस. आई काय, मुलामागे येतेच. मग सगळे एकत्र. मी वाईट करत होतो का? शाळा बघितलीये मी त्याच्यासाठी. घर बघितलंय, तिघांचं."

"म्हणजे गळाला लावायला नेत होतास त्याला."

"असं काय बोलतेस!"

"कोट चांगला आहे," ती म्हणाली. "दोन वर्षं तरी जाईल."

"तीन," तो म्हणाला. "घेताना मी विचारलं होतं."

म्हणून झाल्यावर त्याला आपलं वाक्य ऐकू आलं. तो भिंतीकडे बघत राहिला.

एवढा काळ एका घरात. त्याच्या डब्यात काय आहे, त्याच्या खिशात कोणती चावी, खोकला कुठल्या महिन्यात सुरू होतो, सगळं तिला माहीत. कोट घरात आला तेव्हा ती कुठे होती? बूट? ती आठवू लागली आणि तिला फक्त त्याचा चेहरा आठवला. आनंदी, खपणारा, हाताला डिंक लागलेला. तो चेहरा खोटा नव्हता. खोटा असता तर तिने ओळखला असता.

"तू जा," ती म्हणाली. "जायचंच होतं ना तुला? जा. तो इथेच राहील."

"आणि त्याने विचारलं तर?"

"तू पोचल्यावर सांग त्याला."

स्वयंपाकघरातलं पाणी बंद झालं. आजी ओल्या हातांनी दारात आल्या. मुलाकडे न बघता सुनेला म्हणाल्या, "मला वाटलं, त्याने तुला सांगितलं असेल."

"खरंच वाटलं होतं, आई?"

आजींनी हात पदराला पुसले.

"नाही," त्या म्हणाल्या. "नव्हतं वाटलं."

मग त्या खाली बसल्या. खुर्चीखालून एकेक बूट ओढून काढला, जोडीला जोड लावली आणि भुंग्याच्या कपाटाच्या खालच्या कप्प्यात रांगेने ठेवत गेल्या. आज येणारे पुढे. पुढच्या वर्षीचे त्यामागे. कोणी त्यांना थांबवलं नाही, कोणी मदतही केली नाही.

•

मंगळवारी तो गेला. जिन्यावरून बॅग खाली नेताना तिची चाकं पायऱ्यांवर आपटली नाहीत. ती उचलून नेता येण्याइतकी हलकी झाली होती. भुंगा खिडकीत उभा राहून तोंडाने विमानाचा आवाज काढत होता. आजी तोंड लपवायला आपल्या बहिणीकडे गेल्या नाहीत, कुठेच गेल्या नाहीत. तिची दुपारची पाळी होती. ती वेळेवर खुर्चीत बसली. संगणकाने मधेच एका बॅगेत सुरी टाकली आणि तिने ती पकडली.

त्याआधीच्या रविवारी, वाढदिवसाच्या सकाळी, पाहुणे यायच्या आधी, तो स्टुलावर चढून छताला कागदाचे ढग लावत होता, आणि स्टूल डुगडुगत होतं म्हणून तिने ते दोन्ही हातांनी धरलं होतं.